दुसऱ्याचा गळा

या पुस्तकाच्या दोघी लेखिका मार्चच्या उन्हात टाइप केलेल्या पानांची पिशवी घेऊन मिरजेला माझ्या घरी आल्या. एक कान-नाक-घशाची डॉक्टर, दुसरी माझ्यासारखीच गाण्याचे वर्ग घेणारी. पुस्तक गाण्याच्या शिक्षकांसाठी आहे, शिकवता शिकवता आवाजाचं शास्त्र पुन्हा शिकायचं आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी जरा आखडूनच म्हटलं, "पस्तीस वर्षं शिकवतेय मी. आता काय शिकू?" त्यातली शिक्षिका हसली. "म्हणून तर तुमच्याकडे आलो, ताई."

तिच्या हसण्याचं कारण मला ठाऊक होतं. माझ्याकडून झालेली एक चूक तिला माहीत होती, कारण ती तिला मीच सांगितली होती. ती इथेही सांगते. प्रस्तावनेत चुका सांगायची रीत नाही, पण ती वगळली तर बाकीचं लिहायला मला तोंड नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी शिकत होती. सुरेल, कष्टाळू, सांगितलं ते निमूट करणारी. दिवाळीनंतर तिचा आवाज खरखरीत यायला लागला. सकाळी लागायचा, संध्याकाळपर्यंत बसायचा. तार सप्तकात गेली की सुराआधी नुसती हवाच यायची. मी तिला तेच सांगितलं जे मला माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं: "रियाज कमी पडतोय. पहाटे उठ, खर्ज भर." ती पहाटे उठली. तासभर खर्ज भरला, वर तासभर पलटे. दोन महिन्यांनी तिच्या वडिलांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. स्वरतंतूंच्या कडांवर समोरासमोर दोन बारीक गाठी निघाल्या. त्या पुढे आवाजाच्या उपचारांनी गेल्या, शस्त्रक्रिया लागली नाही. पण मुलगी गाण्याकडे परत आली नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही आले नसते.

गुरुजींचा सल्ला चुकीचा नव्हता. तो त्यांच्या गळ्यासाठी होता. त्यांच्या गळ्यावर तो लागू पडला, माझ्यावरही पडला आणि तिसऱ्या गळ्यावर उलटला. आपल्याकडची गाण्याची विद्या गळ्यातून गळ्यात जाते. ही तिची श्रीमंती आहे, आणि तिची अडचणही तिथेच आहे. शिक्षकाला एकच गळा आतून माहीत असतो, स्वतःचा. समोर बसलेला गळा वेगळ्या लांबीचा, वेगळ्या वयाचा, वेगळ्या घरातला असतो. तो आतून ओळखायची काही तरी वाट हवी. माझ्या समजुतीप्रमाणे आवाजाच्या शास्त्राचा शिक्षकाला उपयोग तेवढाच आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

शास्त्र म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं, हे डॉक्टरांनी गाणाऱ्यांवर लादलेलं प्रकरण असणार. घडलं आहे नेमकं उलटं. जिवंत माणसाचं स्वरयंत्र गाताना कसं हलतं हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका गाण्याच्या मास्तरांनी, मान्युएल गार्सिया यांनी. मूळ स्पॅनिश घराण्यातले, वडील आणि बहिणी नावाजलेले गायक, आणि स्वतः आधी पॅरिसला, मग लंडनला शिकवणारे. १८५४ साली पॅरिसमध्ये फिरत असताना खिडकीच्या काचेवर चमकलेलं ऊन पाहून त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत आणला. वाफ धरू नये म्हणून तो गरम पाण्यात बुडवला आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःच्याच गळ्यात स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास होतं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. डॉक्टर मंडळींनी तो आरसा उचलला तो त्यानंतर. १९०५ साली गार्सिया शंभर वर्षांचे झाले, तेव्हा घशाच्या डॉक्टरांनी लंडनला त्यांचा सत्कार केला. म्हणजे घशाचे डॉक्टर आजही जो आरसा वापरतात, त्याचं घराणं गाण्याच्या वर्गातून निघालेलं आहे. हे मला कळलं तेव्हा माझा आखडूपणा निम्मा उतरला.

उरलेला निम्मा उतरला डॉक्टरांच्या खुर्चीत. या पुस्तकासाठी म्हणून त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. जीभ बाहेर काढायला सांगितली, गॉजच्या तुकड्याने धरली आणि म्हणाल्या, "ई म्हणा." जीभ बाहेर असताना कसला ई निघणार? काही तरी निघालं. समोरच्या पडद्यावर मोत्यासारख्या पांढऱ्या दोन पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या उघड्या दिसल्या. ई म्हणताच त्या जवळ आल्या आणि लाटा उठाव्यात तशा हलू लागल्या. प्रत्यक्षात त्या सेकंदाला दोनशेच्या वर वेळा आपटत होत्या. दिवा त्या गतीशी किंचित बेताल लुकलुकतो, म्हणून डोळ्याला ती हालचाल संथ दिसते, इतकीच त्या यंत्राची युक्ती. पस्तीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं ते मी पहिल्यांदा पाहत होते. बोटाच्या एका पेराहूनही लहान.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी एक हिशेब मांडला. काळी चारचा षड्ज, मध्य सप्तकातला, म्हणजे सेकंदाला साधारण २०८ आंदोलनं. त्या पट्टीत एखादी मुलगी तासभर नुसता सा लावून बसली, तर तिच्या स्वरतंतूंच्या कडा सुमारे साडेसात लाख वेळा एकमेकींवर येतात. तार षड्जावर याच्या दुप्पट. आणि मी त्या मुलीला सांगत होते, रियाज कमी पडतोय!

आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. निरोगी तंतू हे सगळं सोसतात, कारण त्यांची घडणच तशी आहे. १९७० च्या दशकात जपानचे मिनोरू हिरानो यांनी दाखवून दिलं की स्वरतंतू म्हणजे नुसता स्नायू नाही. आत स्नायू, आणि त्यावर जेलीसारखा मऊ, सैल थर, त्यावर पातळ त्वचा. लाट उठते ती या वरच्या सैल आवरणात. ते मऊ आणि ओलसर आहे तोवर आवाज झुळझुळतो, सुजलं की खरखरतो. त्याआधी १९५८ मध्ये हॉलंडचे यान्विलेम व्हान डेन बर्ग यांनी दुसरी गोष्ट पक्की केली होती. स्नायूंचं काम तंतू जवळ आणण्याचं आणि ताणण्याचं, कंप पावण्याचं काम हवा आणि तंतूंची लवचीकता मिळून करतात. ऐकायला कोरडं वाटतं खरं. पण "जोर लाव" म्हणण्याआधी शिक्षकाने ते एकदा आठवावं. घसा आवळून आवाज मोठा होत नाही, फक्त आपटणं वाढतं.

पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण पट्टीचं आहे. आपल्या वर्गात पेटी एक, तानपुऱ्याचं अ‍ॅप एक, आणि विद्यार्थी दहा. मास्तरांची पट्टी काळी एक, म्हणून वर्गाचीही काळी एक. आता समोर बसलेल्या तिशीतल्या बाईचं काय होतं? मास्तरांच्याच सप्तकात गायली तर तिचा सा १३९ आंदोलनांवर येतो. तो तिला इतका खालचा की नुसती घरघर. एक सप्तक वर चढवला तर सा २७७ वर, मग तार षड्ज ५५४ वर, आणि तार पंचम आठशेच्या वर. म्हणजे खाली विहीर, वर कडा. बाई काय करते? मधल्या मध्ये पुटपुटते आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगते की माझ्या गळ्यात गाणं नाही. तिच्या गळ्यात काळी चार किंवा काळी पाच आहे, हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

खर्जाचंही तसंच. खर्ज भरावा, भरूच नये असं या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. खालच्या सुरांवर तंतू आखूड, सैल आणि जाड होतात. हलक्या श्वासावर, न ढकलता खाली उतरलं तर गळ्याला ते बरंही वाटतं. पण काळी चारच्या मुलीचा मंद्र षड्ज १०४ आंदोलनांवर येतो, आणि तो बहुतेक बायकांच्या गळ्यात मुळी नसतोच. तिथे हनुवटी छातीला टेकवून जे निघतं ते खर्ज नव्हे, ती दाराची करकर. तिचा खर्ज मंद्र पंचमाच्या आसपास संपत असेल तर तो तिथेच संपतो. गुरुजींचा त्याखाली जात होता हे गुरुजींच्या गळ्याचं वर्तमान झालं.

आणखी एक जागा दाखवते, कारण तिच्यावरून मी निदान शंभर मुलांना रागावले असेन. बंदिशीत तार सप्तकात "ई" आला की मुली त्याचा "ए" करतात, कधी "आ"च्या जवळ नेतात. मी म्हणायचे, शब्द खाऊ नको. आता कळतं की प्रत्येक स्वराला, म्हणजे अ-आ-ई या अर्थाने स्वराला, तोंडाच्या पोकळीत स्वतःचा घुमण्याचा एक टप्पा असतो. "ई"चा पहिला टप्पा खाली, सुमारे तीनशे-साडेतीनशे आंदोलनांपाशी. "आ"चा बराच वर. काळी चारच्या मुलीचा तार षड्ज ४१५ वर असतो. म्हणजे सूरच "ई"च्या घुमण्याला मागे टाकून वर निघून गेलेला. आत घुमायला काही उरत नाही, आवाज पातळ पडतो, म्हणून गळा आपणहून तोंड उघडतो आणि "ई"चा "ए" होतो. मुलगी शब्द खात नव्हती. गळा शहाणपणा करत होता आणि मी त्याला शिक्षा करत होते. आता मी म्हणते, जबडा थोडा सोड, पण ओठांच्या कोपऱ्यात "ई"ची आठवण ठेव. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

हे सगळं संशोधन मुख्यतः पाश्चात्त्य गळ्यांवर झालेलं आहे, आणि लेखिकांनी ते लपवलेलं नाही. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी दाखवलं की ऑपेराच्या गायकांच्या, विशेषतः पुरुषांच्या, आवाजात तीन हजार आंदोलनांच्या आसपास एक चकाकी असते. ऑर्केस्ट्राचा जोर पाचशेच्या आसपास असतो आणि वर जाताना उतरत जातो, म्हणून गायकाचा आवाज माइकशिवाय त्या वाद्यसमुदायातून आरपार निघतो. आपल्याला चाळीस वाद्यांवर मात करायची नसते. आपल्याला तानपुऱ्यात मिसळायचं असतं, आणि समोर माइक असतो. त्यामुळे तिथली कृती उचलून इथे लावू नये. तत्त्व घ्यावं, माप आपलं काढावं. मिरजेत राहून एक गंमत मात्र मला बोचते. तानपुऱ्याची जवारी का बोलते याचा अभ्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी केला. आमच्या गल्लीतला तानपुरे घडवणारा कारागीर भोपळा, घोडी, दोरा यांबद्दल तासभर बोलू शकतो. गळ्याबद्दल तितकं बोलू शकणारे गाण्याचे शिक्षक मी बोटांवर मोजू शकते, आणि त्यात कालपर्यंत मी नव्हते.

असं नाही की आपल्याकडे कोणी विचार केला नाही. 'संगीतरत्नाकर' लिहिणारे शार्ङ्गदेव तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या पदरी होते. ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते सुरांच्या आधी शरीराची उत्पत्ती सांगतात. पुढे गायकाचे पंचवीस दोष मोजतात. त्यात दात आवळून गाणारा आहे, तोंड भेसूर वासणारा आहे, कावळ्यासारखा आहे, नाकात गाणाराही आहे. माझा सगळा वर्ग त्यात सापडतो! आणि चांगल्या आवाजाला त्यांनी शब्द दिला "शारीर", कारण तो शरीरासोबत जन्मतो. प्रत्येक शरीराचा आपापला आवाज ही कल्पना देवगिरीला होतीच, ती आमच्या क्लासच्या वेळापत्रकात हरवली. अलीकडच्या काळात मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधर यांनी आवाजसाधना हा वेगळा अभ्यासाचा विषय मानला, त्यावर लिहिलं. अशोक दा. रानडे यांनी तोच धागा गाण्याबरोबर रंगभूमीच्या आवाजापर्यंत नेला. पण त्यांची पुस्तकं कपाटात राहिली आणि वर्गात "पोटातून गा" एवढंच उरलं.

"पोटातून गा" या वाक्यावर दोघींनी एक आख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. मला ते जरा लांबलं असं वाटतं, पण म्हणणं बरोबर आहे. पोटात आवाज नसतो. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे, तो हवा बाहेर ढकलत नाही. गाताना फासळ्या एकदम मिटू न देता श्वास जपून सोडायचा, तेव्हा पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू कामाला येतात. मग हे वाक्य टाकून द्यायचं का? नाही. ज्याला ते लागू पडतं त्याला खुशाल सांगावं. पण एखादा मुलगा ते ऐकून पोट दगडासारखं घट्ट करतो आणि त्याबरोबर गळाही आवळतो, तेव्हा शिक्षकाजवळ दुसरं वाक्य हवं. शास्त्र शिकलेल्या शिक्षकाजवळ दुसरं, तिसरं, चौथं वाक्य असतं. माझ्याजवळ एकच होतं, आणि ते लागू पडलं नाही की मी आवाज चढवायचे.

घरगुती उपायांची यादी पुस्तकात आहे, ती वाचकांनी स्वतः पाहावी. मला धक्का देणारं त्यातलं एकच सांगते: गातागाता प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागतच नाही. लागलं तर ठसका बसेल. पाणी अन्ननलिकेतून जातं, शरीर ओलं राहिलं की हळूहळू तंतूही ओले राहतात. म्हणजे मैफलीआधीच्या घोटभर पाण्यापेक्षा सकाळपासून प्यायलेलं पाणी कामाचं. ज्येष्ठमध चघळायला कोणाची हरकत नाही. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर मात्र ज्येष्ठमध बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. हे वाक्य मी माझ्या वर्गाच्या दारावर लावलं आहे.

आता थोडं "पुन्हा शिकण्या"बद्दल. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिटचं नवं शिक्षण दाखवावं लागतं. कॉलेजातल्या प्राध्यापकांना रिफ्रेशर कोर्स असतो, मग तो ते कसाही करोत. गाण्याच्या शिक्षकाचं विशारद किंवा अलंकारचं प्रमाणपत्र एकदा भिंतीवर चढलं की ते पिवळं पडेपर्यंत कोणी काही विचारत नाही. अमेरिकेत गाण्याच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९४४ सालीच झाली. १९७० च्या दशकापासून तिथे डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ आणि गाण्याचे मास्तर दरवर्षी एका मांडवाखाली बसून व्यावसायिक आवाजाच्या निगराणीवर बोलतात. इंगो टिट्झ यांच्यासारखे शास्त्रज्ञ गाण्याच्या शिक्षकांसाठी सुट्टीतले अभ्यासक्रम घेत आले आहेत. सक्ती करा असं मी म्हणत नाही. आमच्यावर आणखी एक फॉर्म भरायची पाळी आली तर मीच पहिली पळून जाईन. पण वर्षातून चार रविवार, एक डॉक्टर, एक आरसा आणि दहा शिक्षक एवढं तालुक्याच्या गावीही जमण्यासारखं आहे. या दोघींनी तेच केलं, आणि त्यातून हे पुस्तक झालं.

टिट्झ यांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या नळीची गोष्ट सांगते. पातळ नळी ओठात धरून तिच्यातून सूर काढायचा. तोंड जवळजवळ बंद असल्यामुळे हवेचा थोडा दाब उलटा मागे येतो, तंतूंना आतून आधार देतो, आणि ते कमी आपटून जास्त वाजतात. आपलं मिटल्या ओठांचं गुंजन, भ्रामरी, याच कुळातली. वर्गाच्या सुरुवातीला पाच मिनिटं मी हे करून घेते. पहिल्या दिवशी दारात उभ्या असलेल्या एका आजोबांनी दहा जण नळ्या धरून घूं घूं करताना पाहिले आणि विचारलं, "ताई, रसवंती काढली का?"

चुका दाखवायच्या तर एक-दोन दाखवते. तानेच्या प्रकरणात जबड्याची तान आणि गळ्याची तान यांतला फरक अधिक खोलात यायला हवा होता. निवृत्तीनंतर शिकायला येणाऱ्यांच्या थकलेल्या आवाजाला पुस्तकात फारच थोडी पानं मिळाली आहेत, आणि माझ्या वर्गात तर आता निम्मी मंडळी तीच आहेत. पुढच्या आवृत्तीत हे भरून काढीन असं डॉक्टरांनी कबूल केलं आहे.

पुस्तकाच्या शेवटी काही कोरी पानं आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक. वय, व्यवसाय, दिवसभर किती बोलतो, आरामाची पट्टी कोणती, खाली कुठवर, वर कुठवर, आवाज कधी बसला होता, एवढंच विचारलेलं. मला ती जागा वाया घालवल्यासारखी वाटली होती. मग गेल्या बुधवारी एक पान भरलं. मुलगा तेरा वर्षांचा, आईने आग्रहाने आणलेला, गेल्या वर्षीपर्यंत काळी पाचमध्ये खणखणीत गाणारा. सा लावायला सांगितला तर आधी खालून आला, मग वर उडाला आणि मधेच फुटला. त्याने मान खाली घातली. जुन्या सवयीने माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. ते गिळलं आणि पेन काढलं: घाटी फुटतेय. वरचे सूर बंद, मधले चार-पाच सूर हलके. ऐकायला भरपूर द्यायचं, तबल्यावर ठेका शिकवायचा. पट्टी: अजून ठरायची आहे.